नाण्याएवढ्या कासवाचं मोठं घर

मुंबई-पुण्यातल्या ॲक्वेरियमच्या दुकानांत डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हिरवंगार कासवाचं पिल्लू काचेच्या बाऊलमध्ये ठेवून विकलं जातं. सोबत प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाचं बेट आणि खाद्याचा डबा. कुणी ते मुलांच्या हट्टापायी घेतं, तर कुणी घरात कासव असणं शुभ म्हणून. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. घरी येतं तेव्हा जेमतेम ३-४ सेंटिमीटरचं असतं. नीट सांभाळलं तर मादीचं कवच २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि ती ३० वर्षंही जगू शकते. घर बांधायचं ते या मोठ्या कासवासाठी. बाऊल हे त्याचं घर नव्हे, अगदी पहिल्या महिन्यातही नाही.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपल्याकडचं स्टार कासव मात्र या लेखाच्या कक्षेत येतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. दुकानदार कितीही छातीठोकपणे ‘चालतं’ म्हणाला, तरी ते घेऊ नये.

पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा : कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी. म्हणजे १० इंचांच्या मादीला ४०० लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन ४०० किलो झालं! त्यामुळे टाकी कुठे ठेवायची, हे ती विकत घेण्याआधी ठरवावं लागतं. बाल्कनीत ठेवायची असेल तर इंजिनिअरला विचारलेलं बरं. काचेचीच टाकी हवी असंही नाही. रुंद, जाड प्लास्टिकचा हौद स्वस्त पडतो आणि हलकाही असतो. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, कारण स्लायडर हे पट्टीचं पोहणारं कासव आहे. तळाला बारीक खडे नकोत. ते गिळले तर आतड्यात अडकतात.

हे कासव खातंही पाण्यात आणि घाणही तिथेच करतं. विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करतात. माशांच्या टाकीसाठीचा फिल्टर इथे अपुरा पडतो. टाकीच्या मापाच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने हे जिवाणू मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळून घ्यायचा. दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं फिल्टर असूनही चुकत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कोरड्या जागेकडे. कासवाला शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते. ती मिळाली तरच अन्न पचतं आणि कवच कोरडं, निरोगी राहतं. चढायला सोपी, अंग पूर्ण कोरडं होईल अशी फळी आणि तिच्यावर ३२ ते ३५ अंशांची ऊब देणारा दिवा हवा. शिवाय लागतात अतिनील-बी किरण. त्यांच्याशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं आणि पाय वाकडे होतात. खिडकीतून ऊन येतं म्हणून निर्धास्त राहणाऱ्या घरांतही असं होतं, कारण साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. त्यांची खास ट्यूब मिळते. पण ती उजेड देत राहिली तरी किरण ओसरत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते.

महाराष्ट्रात खरं तर ऊन फुकट आहे. सकाळी कासवाला पसरट टबात, अर्ध्या भागावर सावली धरून, उघड्या उन्हात ठेवता येतं. मात्र कावळे आणि मांजरांवर लक्ष हवं. काचेची टाकी उन्हात ठेवू नये. तिच्यातलं पाणी झपाट्याने तापतं आणि कासव आतल्या आत दगावतं. पाणी २४ ते २७ अंशांवर राहावं. मुंबईत वर्षातला बराच काळ हीटरची गरज पडत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत पडते. काचेच्या हीटरला जाळीचं आवरण घालावं, नाहीतर कासव धडका देऊन तो फोडतं.

टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

कासव वाढलं, टाकी पुरेना, की अनेक जण ते तळ्यात किंवा नदीत सोडतात. असं करणं कासवावर आणि तळ्यावर, दोघांवरही अन्याय आहे. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत स्लायडरचा समावेश आहे. अन्नासाठी आणि उन्हाच्या जागेसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करतं. भारतात केरळ आणि ईशान्येकडच्या पाणवठ्यांत ते आढळलं आहे. सांभाळणं अशक्य झालं तर ते प्राणी बचाव संस्थेकडे किंवा जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावं.

मादी असेल तर आणखी एक सोय लागते, जी दुकानात कुणी सांगत नाही. नर नसला तरी प्रौढ मादी अंडी घालते. पोहत राहण्याऐवजी सारखी बाहेर पडायला धडपडू लागली, मागच्या पायांनी उकरू लागली आणि खाणं कमी केलं, की तिला ओलसर माती-वाळूचं, वीतभर खोल खोकं द्यावं. उकरायला जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडवून धरते, आणि मग सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य शोधावा लागतो. त्याचा फोन नंबर कासव घरी आणायच्या आधीच लिहून ठेवावा, कारण असे डॉक्टर मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत.