मलम नंतर, आधी पायावरचा भार उतरवा

‘आईच्या तळपायाची जखम काही केल्या भरत नाही. शुगर आटोक्यात आहे, रोज ड्रेसिंग करतो. कोणतं मलम लावावं?’ अशा आशयाची पत्रं नेहमी येतात. कुणी हळदीबद्दल विचारतं, कुणी मधाबद्दल, कुणी महागड्या जेलबद्दल. आई दिवसभरात त्या पायावर किती चालते, हे मात्र कुणी लिहीत नाही. जखम न भरण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच असतं.

मधुमेहात पायाच्या नसा निकामी होत जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. बोटं आकडल्यासारखी वाकतात, चवड्याची हाडं खाली टोचू लागतात आणि सगळं वजन दोन-तीन जागांवर येतं. तिथं घट्टा पडतो. घट्ट्याखालचं मांस, वरून काही दिसत नसताना, पावलागणिक चेचलं जातं. आपला पाय दुखला की आपण नकळत लंगडतो आणि दुखऱ्या जागेवरचा भार काढून घेतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. उघड्या जखमेवर तो आठवड्याचा बाजार करून येतो.

यावरचा उपाय कुष्ठरुग्णांच्या वॉर्डांतून आला, आणि तोही आपल्याच भागात. १९३०च्या दशकात कोलंबोचे सर्जन मिलरॉय पॉल कुष्ठरुग्णांच्या तळव्याच्या जखमांना प्लास्टर घालत होते. १९३९ मध्ये डॉ. जोसेफ खान यांनी ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली. रुग्णाला खाटेला खिळवून न ठेवता, चालता-फिरता ठेवून जखम भरायची, हे तिचं वैशिष्ट्य. पुढे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी ती हाती घेतली. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात, हा समज ब्रँड यांनी खोडून काढला. वेदना कळत नाही म्हणून पुनःपुन्हा इजा होते, हे त्यांनी दाखवून दिलं. १९६०च्या दशकात ते लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हे प्लास्टर मधुमेहींपर्यंत पोचलं. ब्रँड यांचा गौरव झाला, तो व्हायलाच हवा होता. पण मिलरॉय पॉल आणि खान यांची नावं आपल्याकडेही कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खळ्यावर ज्वारीच्या राशीत पोटरीपर्यंत पाय रुतवून उभं राहून पाहा. वजन एकट्या तळव्यावर येत नाही. दाणे तळव्याच्या खळग्यात शिरतात, टाचेभोवती दाटतात, पोटरीला चहूबाजूंनी टेकू देतात. या प्लास्टरचं, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्टचं, काम असंच चालतं. हाड जोडायच्या प्लास्टरपेक्षा यात कापूस फार कमी. जाड कापूस दोन दिवसांत दबतो आणि पाय आत घासायला लागतो. प्लास्टर ओलं असतानाच तळहातानं दाबून तळव्याच्या प्रत्येक उंचवट्याशी जुळवतात. बोटांनी दाबलं तर खळगा पडतो आणि तिथंच नवी जखम होते. सुमारे तिसरा हिस्सा वजन पोटरीभोवतीची भिंत पेलते. घोटा जखडल्यामुळे चवड्यावर रेटा देऊन पाऊल टाकता येत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी ६३ रुग्णांवर तुलना केली. बारा आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या जखमा भरल्या, काढता-घालता येणाऱ्या बूटवाल्यांपैकी ६५ टक्क्यांच्या. मग २००३ मध्ये याच गटानं रुग्णांची पावलं मोजली, तेव्हा खरं कारण कळलं: असा बूट मिळालेले लोक दिवसातली जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकत होते. आपल्याकडे तर पायताण उंबऱ्याबाहेरच राहतं. स्वयंपाकघर, मोरी, देवघर सगळं अनवाणी. प्लास्टर काढून ठेवता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

मलमांचं काय? १९९७ मध्ये अमेरिकेत बेकाप्लर्मिन नावाच्या जेलला मान्यता मिळाली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्याच्या मुख्य चाचणीत २० आठवड्यांत ५० टक्के जखमा भरल्या, औषध नसलेल्या जेलनं ३५ टक्के. फायदा खरा होता, पण दोन्ही गटांत जखमेवरचा भार कमी केलेला होता, हे जाहिरातीत ठळकपणे कोण सांगणार? घट्टा आणि मेलेलं मांस डॉक्टरांनी कापून काढणं, जखम सलाइननं धुणं, पाझर शोषणारं साधं ड्रेसिंग लावणं एवढं नीट झालं तरी पुष्कळ. हळद किंवा मध लावून वाट पाहत बसू नका.

मात्र प्लास्टर सर्वांना चालत नाही. पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल, पू असेल किंवा संसर्ग हाडापर्यंत गेला असेल, तर आधी त्यावर उपचार. पायाची नाडी तपासल्याशिवाय कुणी प्लास्टर घालत असेल तर घालून घेऊ नका. सूज उतरते तसं प्लास्टर सैल पडतं, म्हणून पहिलं लवकर बदलायचं आणि पुढची आठवड्या-दोन आठवड्यांनी. ताप आला, वास आला, प्लास्टर ओलं झालं किंवा चिरलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

जखम भरल्यावरही पाय बधिरच असतो. सुमारे ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. त्यामुळे प्लास्टर निघाल्या दिवसापासून मापाची, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी, आणि ती घरातसुद्धा पायात हवी.