एका सुभ्याचे दोन सुभेदार

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, दख्खनेत आसफजाही उभी राहिली, आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. भांडणाचे मूळ मात्र दिल्लीत होते. दख्खन निजामाच्या हाती असताना बादशहाने तिची सुभेदारी मुबारिझखानाला दिली. दोघांमागे दरबार एकच. जिंकणाऱ्यालाच पुढे बादशहाने मान्यता दिली, हे ओघानेच आले.

एकाच नावावर दोघांचा दावा, हे संकट आज कचेऱ्यांच्या संगणकांपुढेही उभे राहते. सकाळी कर्मचारी लॉगिन करतो तेव्हा त्याची ओळख तपासणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. स्मार्ट कार्डाने लॉगिन होत असेल तर कर्मचाऱ्याचा संगणकही त्या सर्व्हरला उलट विचारतो: तू खरा कशावरून? त्यावर तो सर्टिफिकेट दाखवतो. त्यात कंट्रोलरचे पूर्ण नाव, डोमेनचे नाव आणि ‘केडीसी ऑथेंटिकेशन’ हा उद्देश असावा लागतो.

पूर्वी हे सर्टिफिकेट देणारा सर्व्हर कंपनीच्याच खोलीत असे. तो नाव अर्जातून न घेता अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या नोंदवहीच्या, नोंदीतून उचलत असे. तरी २०२२ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. साधा वापरकर्ता नवे संगणक-खाते उघडून त्याच्या नोंदीत कंट्रोलरचे नाव घालू शकत होता, आणि त्या नावाचे सर्टिफिकेट त्याला बिनबोभाट मिळत होते!

हे काम क्लाउडकडे नेले, तर तिथल्या सर्टिफिकेट अथॉरिटीला, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेला, तुमची डिरेक्टरी आपोआप दिसत नाही. अॅमेझॉनने त्यासाठी २०२३ मध्ये वेगळा कनेक्टर आणला. मायक्रोसॉफ्टची क्लाउड पीकेआय ही सेवा इंट्यून या उपकरण-व्यवस्थापकाच्या ताब्यातल्या उपकरणांसाठी आहे. डोमेन कंट्रोलर त्यांत बसत नाही. एससीईपीसारख्या प्रोटोकॉलच्या वाटेने सर्टिफिकेटाचा अर्ज गेला, तर नाव अर्जदारच लिहितो. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. कंट्रोलरच्या सर्टिफिकेटाचा टेम्प्लेट ‘डोमेन कंट्रोलर्स’ या गटालाच खुला ठेवावा, आणि अथॉरिटीने कोणत्या डोमेनची नावे द्यायची तेही बांधून टाकावे. २०१४ च्या जुलैत भारत सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या अथॉरिटीकडून गूगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटे निघाली, तेव्हा गूगलनेही क्रोमपुरता हाच उपाय केला: भारत सरकारच्या मूळ अथॉरिटीखालच्या सर्टिफिकेटांना मोजक्याच डोमेनांची मुभा ठेवली.

क्लाउडकडे जाण्याची उरलेली कामे किरकोळ. नव्या अथॉरिटीचे मूळ सर्टिफिकेट सगळ्या संगणकांवर पोचवायचे, जुने काढून टाकायचे. अडते ते रद्द सर्टिफिकेटांच्या यादीपाशी. तिचा पत्ता साध्या एचटीटीपीचा हवा. तो डिरेक्टरीतलाच ठेवला, तर फक्त क्लाउडला जोडलेल्या लॅपटॉपला यादी वाचायला आधी लॉगिन लागते, आणि लॉगिनला आधी यादी.