विषहारक म्हटले जाणारे विकर

१८७६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना कार्बोलिक आम्लाचा उपचार झालेल्या रुग्णाच्या लघवीत फिनॉल सापडले, पण ते सल्फेटशी जोडलेले होते. शरीर घातक पदार्थाला सल्फेट चिकटवते, तो पाण्यात विरघळतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो, ही समजूत तिथून रुजली. माणसात हे काम करणाऱ्या विकरांपैकी सल्ट-१ए१ यकृतात मुबलक असते. पॅप्स नावाच्या रेणूकडून ते सल्फेट घेते आणि पॅरासिटामॉलसारख्या फिनॉलवर्गीय औषधांना जोडते. नवजात बाळात पॅरासिटामॉलचा निचरा मुख्यतः याच वाटेने होतो. पाठ्यपुस्तके म्हणूनच या विकराला ‘विषहारक’ म्हणतात. माझ्या मते हे विशेषण दिशाभूल करते. विकर फक्त सल्फेट जोडते; पुढे काय होणार, हे तो सल्फेट कोणत्या रेणूवर बसला यावर ठरते.

फिनॉलवर बसलेला सल्फेट टिकून राहतो. बडीशेपेतल्या एस्ट्रागोलचे मात्र यकृतात आधी एक अल्कोहोल बनते आणि त्यावर बसलेला सल्फेट चटकन सुटतो. मागे उरतो धनभारित कार्बन, जो थेट डीएनएला चिकटतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स आणि एलिझाबेथ मिलर यांनी अशा पदार्थांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवले, की कर्करोगकारक रूप कित्येकदा शरीरच घडवते आणि त्यातली शेवटची पायरी सल्फेट जोडण्याची असू शकते. मिनॉक्सिडिलचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. टकलावर लावायचे हे औषध स्वतः जवळपास निष्क्रिय असते. केसांच्या मुळाशी सल्फेट जोडला गेला, तरच ते काम करते. ज्यांच्या केसमुळांत हे विकर मंद, त्यांना गुण येण्याची शक्यता कमी.

हे अपवाद आहेत, बहुतेक पदार्थ सल्फेटमुळे निरुपद्रवीच होतात, असा आक्षेप येईल. संख्येच्या हिशेबाने तो बरोबर आहे, पण अपवादांतही विकराची क्रिया तीच असते. मग जेवणानंतरची बडीशेप सोडायची का? तसे मुळीच नाही. उंदरांत गाठी झाल्या त्या मोठ्या मात्रेने, आणि मात्रेचा विचार सोडून धोका मोजता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या विकराच्या एका प्रकारात २१३व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन असते आणि त्याची क्रिया मंदावते. विकर दुधारी असेल, तर अशा माणसांत कर्करोगाचे प्रमाण स्पष्ट वेगळे दिसायला हवे. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. लहान नमुने हे त्याचे एक कारण असू शकते. जनुकाच्या प्रतीही माणसागणिक कमीजास्त असतात, हे दुसरे. पण एका पदार्थापासून वाचवणारी मंद क्रिया दुसऱ्याच्या बाबतीत महागात पडत असेल, तर एकच दिशा दिसणार तरी कशी?

म्हणून यकृताची ‘विषनिर्मूलन शक्ती’ वाढवण्याचा दावा करणारी बाटली हाती आली, तर वाचकांनी विक्रेत्याला एवढे जरूर विचारावे: कोणते विकर वाढते, आणि कोणत्या पदार्थासाठी?