मोबाईल हरवला? आधी सिम बंद करा!

वाशिम, कारंजा, मंगरूळपीरच्या बाजारात आता शिंप्यापासून फळविक्रेत्यापर्यंत अनेकांचा गल्ला मोबाईलमध्येच असतो. त्यामुळे फोन चोरीस गेला की फुगलेल्या बिलापेक्षा बँक खात्याची भीती मोठी. ओटीपी त्याच सिमवर येतो. म्हणून आमचे बांधवांना सांगणे आहे, शोधाशोधीत वेळ दवडू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीस कळवून सिम बंद करा, लगेच बँकेला कळवा, तक्रार क्रमांक व वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना बजावले की, ग्राहकाने कळविल्यानंतर खात्यातून परस्पर गेलेली रक्कम बँकेने सोसावी. पैसे गेलेच तर १९३० वर फोन करा. पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’वर हँडसेटही बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबून तो आजच वहीत उतरवा.