रत्नागिरी, पण कुठली?

चैत्र यात्रेला ज्या डोंगरावर गुलालाचा चिखल होतो, त्या जोतिबाच्या गावाचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर. आमच्या रत्नागिरीपासून सरळ रेषेत जेमतेम 100 किलोमीटर, मध्ये सह्याद्री उभा.

आता पूर्वेकडे सुमारे 1400 किलोमीटर चला. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या रत्नगिरीवर 1958 ते 1961 या काळात देबला मित्रा यांनी उत्खनन केलं. मोठा बौद्ध विहार निघाला, भोवती शेकडो छोटे स्तूप, आणि मातीच्या मुद्रा हजाराहून जास्त. त्यांतल्या अनेक मुद्रांवर ठसा आहे: ‘श्रीरत्नगिरि महाविहारीय आर्यभिक्षुसंघस्य’. कुणाचं, कुठलं, सगळं त्यात आलं. मला तर तो टपालाचा शिक्काच वाटतो.

बिहारात राजगीरच्या रत्नागिरी टेकडीवर 1969 सालचा विश्वशांती स्तूप आहे. आंध्रात अन्नावरमचा सत्यनारायण रत्नगिरीवरच बसलाय. तामिळनाडूत अय्यरमलैच्या रत्नगिरीश्वराला 1017 पायऱ्या चढून जावं लागतं, आणि वेल्लोरजवळ मुरुगनाची रत्नगिरी वेगळीच.

हे झालं एका भारदस्त नावाचं. देशात 2011 च्या जनगणनेत गावं होती सुमारे 6 लाख 40 हजार, त्यातली 43,663 महाराष्ट्रात. एवढ्या गावांना पुरतील इतकी नावं आणायची कुठून? पिंपळ दिसला की पिंपळगाव, वड दिसला की वडगाव. मग बुद्रुक आणि खुर्द जोडायचं. आमच्या संगमेश्वर तालुक्यात आंबेड बुद्रुक आहे, आंबेड खुर्दही आहे.

या गोंधळावर उपाय काढला तो कोकणच्याच माणसाने. सारंद गावचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांची पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. सहा आकडे, पहिला शून्य नाही, म्हणजे 9 लाख वेगवेगळे पिन होऊ शकतात. पहिल्याच आकड्यावर बहुतेक रत्नागिरी सुट्या होतात: आपला 4, आंध्रचा 5, तामिळनाडूचा 6, ओडिशाचा 7, बिहारचा 8. वाडी रत्नागिरीचाही 4 च. तिथे फाटा फुटतो तिसऱ्या आकड्यावर. आमचं शहर 415612, जोतिबाचा पिन 416 ने सुरू होतो. कवीने केलेलं हे काम मला कुठल्याही काव्याइतकंच मोलाचं वाटतं.

पण वापरात असलेले पिन 19 हजारांच्या आसपासच आहेत. भागाकार करा: एका पिनच्या वाट्याला सरासरी 33-34 गावं येतात. त्यात कोकणातलं गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी, गुरववाडी, सुतारवाडी, आणि शेजारच्या गावातही पुन्हा हीच नावं. पोस्टमन पाखाडी चढून वर पोचतो तेव्हा त्याला सहा आकड्यांचा उपयोग संपलेला असतो.

म्हणून मुंबईहून गावी काही धाडताना पिन लिहाच. पण त्याच्या वर मुक्काम, वाडी, पोस्ट आणि तालुकाही नीट, सुवाच्य अक्षरात लिहा.