गोठा, चूल आणि शेत : वारजे येथील केंद्राची शिकवण

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या काठी वसलेले वारजे हे पूर्वी हवेली तालुक्यातील एक खेडे होते. आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून त्याच्या शिवारात उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि ज्या संस्थेचे बहुतेक काम खेड्यापाड्यांत चालते, त्या ‘बायफ’ या संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय याच वारज्यात, डॉ. मणिभाई देसाई नगर या आवारात आहे. गोठ्यातील शेण, अंगणातील ऊन आणि बांधावरील झाड यांतून शेतकऱ्यास शक्तीही मिळावी आणि जमिनीचा कसही टिकावा, हा या संस्थेच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग होय. त्यातून निघणारे धडे प्रत्येक गावास उपयोगी पडण्यासारखे आहेत.

उरुळीकांचन ते वारजे

या कार्याचे मूळ पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन या गावी आहे. १९४६ साली महात्मा गांधी तेथे आले आणि निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. त्यांच्याबरोबर आलेले गुजरातेतील तरुण मणिभाई देसाई तेथेच राहिले. आश्रमाचे काम पाहता पाहता त्यांनी पडीक जमीन लागवडीस आणली व गोपालनाचा पाया घातला. १९६७ साली त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बायफ, ही संस्था स्थापन केली. सुधारित जातीची पैदास व्हावी म्हणून कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे हे या संस्थेचे आरंभीचे मोठे कार्य होते. मणिभाईंना १९८२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ साली त्यांचे निधन झाले. गाय केवळ दुधासाठी नाही, ती साऱ्या शेतीचे चक्र फिरविते, ही त्यांची दृष्टी संस्थेच्या पुढील कामात कायम राहिली.

जळणारे खत

शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जाळणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तिची किंमत किती पडते याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. चार मध्यम जनावरांचा गोठा घेऊ. एका जनावराचे दिवसाला अदमासे १० किलो शेण धरले, तर दिवसाला ४० किलो आणि वर्षाला साडेचौदा टनांच्या आसपास शेण जमते. ताज्या शेणात नत्राचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के धरल्यास वर्षाकाठी ४० किलोंहून अधिक नत्र त्या गोठ्यात तयार होतो. युरियाच्या ४५ किलोंच्या दोन गोण्यांत जेवढा नत्र असतो, तेवढाच हा झाला. गोवरी पेटली की यातील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जातो आणि हाती केवळ राख उरते. शिवाय जमिनीस भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंशही जळतो, आणि तो तर कोणत्याही गोणीत मिळत नाही.

याउलट सरपण नाही म्हणून गोवरी जाळावी लागते, ही घरातील स्त्रियांची अडचणही खरी आहे. तेव्हा ‘शेण जाळू नका’ असा नुसता उपदेश करून भागत नाही. त्याच शेणातून आधी जळण आणि मग खत, अशी दोन्ही कामे साधली पाहिजेत. बायोगॅस संयंत्राने, ज्यास खेड्यात आजही गोबरगॅस म्हणतात, नेमके हेच साधते.

गॅस कसा तयार होतो

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस निर्माण करून त्याचा उपयोग करण्यात आला होता. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत १९३९ साली शेणावर प्रयोग झाले. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र तयार केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा खेड्यांत प्रसार केला. १९८४ साली ‘दीनबंधू’ हे पक्क्या घुमटाचे, कमी खर्चाचे संयंत्र पुढे आले.

हवाबंद टाकीत शेण आणि पाणी समभाग कालवून सोडले की हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव ते कुजवितात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो व तोच जळतो. सुमारे २५ किलो शेणापासून १ घनमीटर गॅस मिळतो. वर सांगितलेल्या ४० किलो शेणापासून दीड घनमीटरहून थोडा अधिक गॅस मिळेल. त्याची आच महिन्याला स्वयंपाकाच्या दीड सिलिंडरइतकी होते. लहान कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होऊ शकतो. चूल फुंकणे, डोळ्यांची आग आणि धुराने येणारा खोकला यांतून गृहिणीची सुटका होते, हा लाभ पैशात मोजता येणार नाही.

सूक्ष्म जीवांना ऊब लागते. म्हणून थंडीत गॅस कमी निघतो. हा संयंत्राचा दोष नाही, हे शेतकऱ्यास आधीच सांगून ठेवावे. संयंत्र उन्हाच्या जागी, स्वयंपाकघराजवळ बांधावे व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर ठेवावे. जवळ मोठे झाड असू नये, कारण त्याची मुळे बांधकामात शिरून तडे पाडतात.

आधी वैरण, मग गॅस

संयंत्राचा विचार टाकीपासून सुरू केला जातो, येथेच पुष्कळदा चूक होते. विचार गव्हाणीपासून सुरू झाला पाहिजे. दिवसभर रानात चरणाऱ्या जनावराचे शेण रानातच पडते व गोठ्यात फक्त रात्रीचे मिळते. चार जनावरे आहेत म्हणून ४० किलो शेण मिळेल असे धरून बांधलेली टाकी मग अर्धपोटी राहते. पुष्कळ निकस जनावरे राखण्यापेक्षा थोडी, पण चांगल्या जातीची जनावरे गोठ्यात बांधून पोसावीत, हा बायफच्या पशुसंवर्धनाचा मुख्य धडा येथे उपयोगी पडतो.

गोठ्यात बांधावयाचे म्हणजे वैरण घरची हवी. पाण्याची सोय असेल तेथे संकरित नेपियर गवताचे काही गुंठे लावावेत. बायफनेही ‘बीएनएच-१०’ हा नेपियरचा संकरित वाण प्रसारित केला आहे. बांधावर सुबाभूळ लावल्यास पाला वैरणीस व फांद्या सरपणास होतात. मात्र सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन हे अपायकारक द्रव्य असते. म्हणून एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाहून अधिक पाला जनावरास घालू नये. शेंगा वाळून बी पसरण्यापूर्वी छाटणी करावी, नाहीतर रोपे शेतात तणासारखी माजतात.

संयंत्र बंद का पडते

अनेक गावांत बंद पडलेली संयंत्रे दिसतात. कोठे टाकीत पालापाचोळा साठलेला असतो, तर कोठे लोखंडी टोपी गंजून तिला भोके पडलेली असतात. बांधकाम झाल्याची नोंद कागदावर राहते आणि घरात चूल पुन्हा पेटते. एक बंद संयंत्र शेजारच्या दहा शेतकऱ्यांचे मन फिरविते. म्हणून बंद पडण्याची कारणे नीट ओळखली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे शेण कमी पडणे. जनावरे विकली जातात, ट्रॅक्टर आल्यावर बैल जातात, आणि टाकी उपाशी राहते. दुसरे, शेणात माती, काडीकचरा व वैरणीचे तुकडे जाणे. त्यामुळे पृष्ठभागावर साय धरून गॅस अडतो व तळाशी गाळ बसतो. तिसरे, नळीत पाणी साठणे. गॅसबरोबरची वाफ थंड होऊन नळीच्या खोलगट भागात पाणी जमते, शेगडी फडफडते व शेवटी विझते. नळीस उतार देऊन सखल जागी पाणी काढण्याची तोटी बसविली की हा त्रास टळतो. चौथे, गोठा धुताना फिनेल किंवा साबणाचे पाणी टाकीत जाणे. त्याने सूक्ष्म जीव मरतात.

नळीच्या गळतीची तपासणी साबणाच्या फेसाने करावी. काडी ओढून कधीही करू नये. प्रथम भरणीनंतर निघणारा गॅस हवामिश्रित असल्याने तो पेटवू नये, मोकळ्या हवेत सोडून द्यावा. लोखंडी टोपी असल्यास तिला दरवर्षी रंग द्यावा. ही कामे किरकोळ वाटली तरी संयंत्राचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे अनेक घरांत सिलिंडर पोहोचले आहेत. त्यामुळे ‘आता गोबरगॅसची गरज काय?’ असा प्रश्न शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर चुलीपाशी शोधून सापडणार नाही, ते शेतात सापडेल. सिलिंडर आच देतो, पण खत देत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने बायोगॅसचा जो प्रसार केला, त्यातही संयंत्राची सांगड घरच्या गोठ्याशी व शेतीशी घातलेली आहे.

मळीचा उपयोग

गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणाऱ्या मळीत शेणातील नत्र बहुतांशी टिकून राहतो. तणांच्या बियांची उगवणशक्तीही कुजण्याच्या क्रियेत पुष्कळ कमी होते. असे असूनही ही मळी अनेकदा गटारात वाहून जाते किंवा उन्हात वाळविली जाते. उन्हात वाळविल्याने तिच्यातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. म्हणून मळीसाठी शेजारी दोन खड्डे करावेत. एका खड्ड्यात पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा तूस यांचे थर देऊन त्यावर मळी सोडावी व वर सावली करावी. तो भरला की दुसरा वापरात घ्यावा. तोवर पहिल्यातील कंपोस्ट शेतात नेण्याजोगे होते. शेत जवळ असल्यास ओली मळी पाटाच्या पाण्याबरोबर देता येते.

डोंगराळ भागातील वाडी

जेथे गोठाच लहान व जमीन उताराची, तेथे वाट निराळी आहे. गुजरातेतील वांसदा भागात १९८२ साली बायफने आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चा उपक्रम सुरू केला व पुढे तो महाराष्ट्रात जव्हारसारख्या भागांतही आला. सुमारे एक एकर हलक्या जमिनीत आंबा, काजूची कलमे, मधल्या जागेत धान्य व भाजीपाला, आणि कडेने सरपण व वैरणीची झाडे, अशी ही रचना असते. कडेची झाडे वाऱ्यापासून व जनावरांपासून कलमांचे रक्षण करतात. काही वर्षांनी छाटणीतून घरचे जळण मिळू लागते आणि जंगलावरील भार हलका होतो. पुढे नाबार्डनेही आदिवासी विकास निधीतून वाडीच्या पद्धतीस साहाय्य दिले.

देशी बियाण्याचे जतन हाही याच विचाराचा भाग आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी बायफच्या साहाय्याने गावठी वाणांची बियाणे बँक उभारली. त्यांना २०२० सालचा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. घरचे बी, घरचे खत आणि घरचे जळण असले म्हणजे लहान शेतकऱ्यास पेरणीच्या तोंडावर कर्जासाठी दारोदार फिरावे लागत नाही.

सूर्याचे पंप, विहिरीची मर्यादा

सूर्यशक्तीवरील पंपांचा प्रसार अलीकडे वेगाने होत आहे. २०१९ साली केंद्राची ‘कुसुम’ योजना व २०२४ साली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ योजना सुरू झाली. या राज्य योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरण्याची तरतूद करण्यात आली. दिवसा पाणी देता येते, ही मोठी सोय होय. रात्रीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवाच्या भयात शेतावर जाण्याचे संकट त्यामुळे टळते.

परंतु येथे एक धोका आहे. ऊन फुकट आहे म्हणून पंप सकाळपासून सायंकाळपर्यंत चालू राहिला, तर विहीर माघातच तळ गाठेल. ऊन रोज नवे येते. भूगर्भातील पाणी मात्र पावसाळ्यातच भरून येते. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक सिंचन, बांधबंदिस्ती आणि पाण्याच्या हिशेबाने पीक ठरविणे या गोष्टी आल्याच पाहिजेत. पट्ट्यांवर सावली पडू देऊ नये व त्यांवरील धूळ सकाळच्या वेळी पाण्याने धुऊन काढावी.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने संयंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी सलग आठ दिवस गोठ्यातील शेण तोलून पाहावे व त्या वजनानुसारच टाकीचा आकार सुचवावा. ज्या गृहिणीस रोज शेण कालवावयाचे आहे, तिचे मत अगोदर घ्यावे. अनुदानाची माहिती पंचायत समितीच्या कृषि विभागाकडे मिळेल. बांधकामानंतर पहिल्या हिवाळ्यात व पहिल्या पावसाळ्यात एकेक भेट अवश्य द्यावी, कारण शेतकऱ्याचा धीर सुटतो तो याच दिवसांत. किती संयंत्रे बांधली याबरोबर किती चालू आहेत, हीही नोंद ठेवावी.

शेतकरी बंधूंनीही आपल्या गोठ्यातील रोजच्या शेणाचे काय होते, हे एकदा घरातील सर्वांसह बसून पाहावे. गव्हाणीतून चुलीकडे आणि चुलीतून शेताकडे जाणारी वाट ज्याने अखंड राखली, त्याच्या जमिनीचा कस टिकून राहील.