घाटाखालचा गेमिंग पीसी

भाच्याचा पीसी मागच्या मे महिन्यात रोज दुपारी अडीच-तीनच्या सुमारास बंद पडायचा. सकाळी ठीक, रात्री ठीक, दुपारी गेम लावला की वीस मिनिटांत पडदा काळा. घर खामगावचं, खोलीवर पत्रे. ‘मामा, कार्ड उडालं,’ असं त्यानं फोनवर जाहीर करून टाकलं होतं आणि एका दुकानदारानं नवं ग्राफिक्स कार्ड काढूनही ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून बसवलेलं. बाहेर टाकलेली गरम हवाच पंखे पुन्हा आत ओढत होते. डबा बाहेर काढला, कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला. कार्ड तेच आहे, अजून चालतंय.

पन्नास-साठ हजारांत गेमिंग पीसी कसा जमवावा, हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातल्या याद्या चुकीच्या नसतात, पण त्या एसीच्या खोलीत बसून केलेल्या असतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तर घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. बुलढाणा-चिखलीकडे मे महिन्यातली रात्र निभावून जाते. खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोदकडे पारा ४३-४४ ला टेकतो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. सुटे भाग निवडताना हा फरक कुणी धरत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. प्रोसेसरवरचा पंखा हवा थंड करत नाही, चिपची उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. त्यामुळे चिप खोलीपेक्षा साधारण ठरलेल्या अंशांनी गरम राहते. २५ अंशांच्या खोलीत जी ७५ वर असते, ती ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास जाते. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या आय फाइव्ह १२४००एफची मर्यादा १०० अंशांची. तिथं टेकल्यावर चिप जळत नाही, आपणहून वेग उतरवते आणि गेम अडखळतो. मुलगा म्हणतो, प्रोसेसर कमी पडला. महागडं लिक्विड कूलिंग लावलं तरी तेही खोलीच्याच हवेवर चालतं. त्यापेक्षा समोर जाळी असलेलं, धूळ अडवणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्यावं, दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा. समोरून बंद काच आणि आत सात रंगांचे दिवे असलेला डबा फोटोत छान दिसतो, घाटाखाली तो भट्टी होतो. आणि हो, खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. तुषार आत गेले तर निस्तरणं अवघड.

आता एसएमपीएस. खामगाव चांदीचं गाव. इथं पैंजण घेताना माणूस आधी टंच विचारतो, पण पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं लेबल कुणी वाचत नाही. ‘साडेचारशे वॅट आहे भाऊ, आरामात चालते,’ एवढ्यावर सौदा होतो. लेबलवर १२ व्होल्टची ओळ शोधा. समजा तिथं १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरच घेतात. रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचं, १२४००एफ भर जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. बेरीज २४९. म्हणजे साडेचारशेचा डबा मुळातच अपुरा. मोठे आकडे रंगवलेले असतात, टंच या ओळीत असतो. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्क्याचा ५५० वॅटचा एसएमपीएस अशा जोडणीला पुष्कळ झाला. हा शिक्का मुळात कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघावीत. तीनपेक्षा पाच वर्षांचा बरा. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर मॉनिटर आणि चालू गेम दोन्ही टाकले की तो किंचाळायला लागतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की लोक पायात चप्पल घालून गेम खेळतात. तो एसएमपीएसचा दोष असेलच असं नाही. एसएमपीएसमध्ये येणाऱ्या विजेतला गोंधळ गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडासा करंट पत्र्यावर सोडतात. तो जमिनीत जायला हवा. घराला अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटांतून जातो. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत आहे म्हणजे तिसरी पिन कुठंतरी जोडलेली आहेच, असं समजू नका. वायरमन बोलावून तपासून घ्या. अर्थिंगसाठी नवीन खड्डा करायचा तरी खर्च कार्डाच्या किमतीच्या मानानं किरकोळ.

एवढं झाल्यावर कार्ड. एकूण पैशातले ३५ ते ४० टक्के इथं घालावेत, कारण गेम मुख्यतः यावरच चालतो. मात्र आधी मॉनिटर ठरवा. फुल एचडी पडद्यावर २०.७ लाख ठिपके असतात, फोरकेवर बरोबर चौपट. बजेट फुल एचडीचं असेल तर फोरकेच्या गप्पा थांबवा. १०८० पी, १०० हर्ट्झच्या वरचा मॉनिटर आणि ८ जीबीचं कार्ड ही या किमतीतली समजूतदार जोडी. आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड आहे, नवं नाही, पण रास्त भावात मिळालं तर या जोडीत ते अजून बसतं.

फसवणूक होते ती नावात. ‘फोर जीबीचं कार्ड टाकून देतो’ म्हणत दुकानदार जीटी ७३० पुढं सरकवतो. ते २०१४ चं कार्ड, मेमरी कितीही लावली तरी गेमच्या कामाचं नाही. जीटी १०३० ची तऱ्हा याहून वाईट. त्याच नावानं जीडीडीआर५ वालं मिळतं आणि डीडीआर४ वालंही. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १६.८. नाव एक, माल तिसरा हिस्सा. खोक्याची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसरवर मुलं उगाच भांडतात. सहा कोअरचा १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० पुरेसा आहे. यातल्या ‘एफ’चा अर्थ एवढाच की आत ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर पडदा काळाच. सध्या कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखा हलका गेम चालतो, कार्ड पुढच्या हंगामात. त्या प्रोसेसरला रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्याच लावा, १६ ची एक नको. ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यानं दोन वाटांनी आलेला माल तिथं लगेच जाणवतो.

रॅमचं मात्र २०२५ च्या दिवाळीनंतर बिघडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप्स उचलायला सुरुवात केली, जगात त्या मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या तीनच, आणि त्यातल्या मायक्रॉननं डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या व्हिडिओतला रॅमचा भाव धरून बजेट मांडलंत तर यादी तिथंच कोसळते. रॅम आधी विचारा, बाकी नंतर.

ऑफिसातला जुना डबा घेऊन त्यात कार्ड घालायची कल्पना स्वस्त वाटते. ‘आय सेव्हन आहे’ हे ऐकून भुलू नका, पिढी विचारा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय यातल्या बऱ्याच डब्यांत कंपनीचाच वेगळ्या आकाराचा एसएमपीएस असतो, बाजारातला बसत नाही.

पीसी जुळल्यावर दोन गोष्टी लगेच बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावलेली असावी. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये हर्ट्झ ६० वरून वर नेलेले असावेत. हजारो रुपये घालून वर्षभर ६० वर खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कापसाचा तंतू हीटसिंकवर गादीसारखा बसतो. वेचणीचा हंगाम सरला की ब्लोअरनं झटकून घ्या, पंख्याचं पातं बोटानं धरून. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं.

आणि एप्रिल उजाडला, काळी माती भेगाळायला लागली, की अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. कोरडी माती करंट घेत नाही.